अक्रोडाची मूठ

वृंदा, काल हाइके येऊन गेली. तिने दारातच बूट काढले, तेव्हाच मला समजायला हवं होतं की यामागे तू आहेस. इथली माणसं न कळवता कोणाच्या घरी जात नाहीत, आणि गेलीच तर उंबऱ्याबाहेर उभी राहून दोन वाक्यं बोलून परत फिरतात. ही आली, वाकून नाड्या सोडल्या, मोजे सारखे केले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तुझी खुर्ची मी अजून हलवलेली नाही. हातात कुलूप लावलेली काळी पेटी होती. आपल्या नेमबाजी क्लबातल्या प्रत्येकाकडे तशी पेटी असते, त्यामुळे ती कशाला आणली हे विचारायची गरज नव्हती.

"आल्झो, मिलिंद," ती इथल्या त्या "तर मग"ने सुरुवात करत म्हणाली, "मी पिस्तूल न्यायला आले आहे."

"कोणी सांगितलं?"

"वृंदाने."

तुला जाऊन तेव्हा दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. मला राग आला. हाइकेचा नाही, तुझा आला. तो अजून पुरता गेलेला नाही आणि तू समोर नाहीस, म्हणून लिहायला बसलो आहे. आपली भांडणं कधी एका बैठकीत मिटली नाहीत. हे तर तू अर्धं टाकून निघून गेलीस.

पिस्तूल आपलं दोघांचं होतं. इथे एकाच परवान्यावर दोघांची नावं घालता येतात, एक हत्यार आणि दोन मालक. ते कार्ड हातात आलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "लग्नाच्या पत्रिकेनंतर आपली नावं पहिल्यांदाच एका ओळीत छापली गेली." आता त्यातलं एक काढायचं आहे. मी परवान्याच्या ऑफिसला कळवलं, पण तिथली टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पुढच्या आठवड्यातली मिळाली. या देशात माणूस गेल्यावरही त्याचं नाव खोडायला टेर्मिन लागते. तू असतीस तर यावर दिवसभर हसली असतीस.

सुरुवात तूच केलीस. सई शिकायला हॅम्बर्गला गेली आणि कोलोनबाहेरच्या आपल्या गावात संध्याकाळी करण्यासारखं काही उरलं नाही. मी गिअरबॉक्सवाला, तू सॉफ्टवेअरवाली. दिवसभर ऑफिसच्या स्क्रीनसमोर आणि रात्री घरच्या स्क्रीनसमोर. गावात चालू असलेल्या गोष्टी दोनच होत्या, फायर ब्रिगेड आणि नेमबाजांचा क्लब. एका गुरुवारी तू चहा पिताना म्हणालीस, "चल, जरा बंदूक चालवून येऊ." जसं काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची होती.

मी आधी हसलो आणि मग घाबरलो. कोथरूडमध्ये वाढलेल्या माणसाच्या घरात सगळ्यात धारदार वस्तू म्हणजे विळी. घरात हत्यार नको, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. हा मुद्दा मी मांडला होता, तो नंतर कसा फिरला ते तुला माहीत आहे. तू म्हणालीस, "घरात आणायचं कोण म्हणतंय? एनसीसीत मी पॉइंट टू टू रायफल चालवलीय. बघू तरी अजून हात आठवतोय का."

हात आठवत होता. पहिल्याच दिवशी हाइकेने तुझं टार्गेट जवळ ओढून घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी अचूक. हाइके पोस्टातून निवृत्त झालेली, क्लबात पिस्तूल शिकवणारी, तिच्या कौतुकाच्या कोशात तेवढा एकच शब्द होता. माझं टार्गेट बघून ती काहीच बोलली नाही. घरी येताना गाडीत तू तो "गेनाऊ" मला इतक्या वेळा ऐकवलास की शेवटी मी रेडिओ लावला.

पुढे वर्षभर नेमाने जावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, तेव्हा कुठे स्वतःचं हत्यार घेण्याची परवानगी मिळते. ते वर्ष आपलं फार चांगलं गेलं, वृंदा. लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेली जोडपी जे एकमेकांशी बोलणं बंद करतात, ते आपण कानावर इअरमफ चढवून बोलायला लागलो. ऐकू काहीच यायचं नाही, म्हणून खुणा. पिस्तूल अडकलं की तोंड टार्गेटकडेच ठेवून डावा हात वर करायचा, हा तिथला नियम. तुझा डावा हात वर गेला की हाइकेच्या आधी मी पोचायचो. मदत करायला नाही, काय बिघडलंय ते बघायला. यंत्र अडकलं की मला राहवत नाही, हे तुला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

परीक्षेत तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले आणि मग पिस्तूल निवडायची वेळ आली. "घरात नको" म्हणणारा मी तोवर कॅटलॉग चाळायला लागलो होतो. तुला नाइन एमएम हवं होतं, खरंखुरं, वजनदार, आवाज करणारं. मी म्हणत होतो पॉइंट टू टू घेऊ, शांत आणि नेमकं. कोलोनच्या त्या दुकानातला शनिवार मला तुकड्यातुकड्याने आठवतो. काचेच्या टेबलावर हिरवं फेल्ट अंथरलेलं, विक्रेता पांढरे हातमोजे घातलेला, आणि तू त्याच्याकडून एकेक पिस्तूल हातात घेऊन तोलून बघत होतीस. वांगी निवडतानाही तुझा चेहरा अगदी असाच असायचा.

पहिल्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, तुला मागे ओढता आली नाही. "स्प्रिंग कडक आहे याची," तू म्हणालीस. त्याने दुसरं दिलं. तेही जेमतेम अर्ध्यावर आलं. तिसऱ्याच्या वेळी तू ओठ आवळलेस, ते मागे आलं, पण तुझी बोटं घसरली आणि स्लाइड खाडकन पुढे गेली. विक्रेता नम्रपणे दुसरीकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "टेक्निक चुकतंय. ओढू नकोस, दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकल."

"मला माहीत आहे कसं करायचं. ग्रिप जाड आहे, पकडच बसत नाही."

"क्लबातलं पण असंच आहे. सहा महिन्यांपूर्वी तुला जमत होतं."

"ते वापरून सैल झालंय. हे नवीन आहे. मेकॅनिकलचा ना तू? एवढं कळत नाही?"

आपण दुकानातून काहीही न घेता बाहेर पडलो आणि घरी येईपर्यंत भांडत होतो. तुझं म्हणणं दोष पिस्तुलात आहे, माझं म्हणणं दोष सरावात आहे. दोघांनीही एकमेकांना पटेल असे पुरावे दिले. क्लबातल्या लोकांनी आपापली पिस्तुलं तुला चालवून बघायला दिली, प्रत्येकाने वेगळं निदान केलं, कोणी खांद्याचं सांगितलं, कोणी चष्म्याचं. हाइकेने हिवाळ्यात हात गार पडतात म्हणून हातमोजे दिले. खरं कारण कोणालाच सुचलं नाही. सुचणार तरी कसं? चाळिशी ओलांडलेल्या बाईला स्लाइड ओढता येत नाही, यात कोणी काय बघावं.

अखेर पॉइंट टू टू घेतलं, हलक्या स्लाइडचं. मी वाद जिंकलो असं मला वाटलं. तू ते हातात घेऊन "खेळण्यातलं आहे" म्हणालीस, पण पहिल्या दिवशी चालवून आल्यावर तुझ्या चेहऱ्यावर हसू होतं. फक्त मूठ हातात नीट बसत नव्हती. डाव्या बाजूला, अंगठ्याखाली, जागा राहायची. "इथे पोकळ वाटतं," तू म्हणायचीस.

हे काम माझं होतं. स्पर्धेत उतरणारे लोक स्वतःच्या हाताच्या मापाची लाकडी मूठ करून घेतात, ती मी घरी करायची ठरवली. माप घ्यायला खास पुट्टी मिळते. ती मागवेपर्यंत धीर नव्हता, म्हणून तू कणीक घट्ट भिजवलीस. ओट्याशी उभी राहून तू गोळा मुठीत धरलास, मी तुझी बोटं एकेक करून दाबली. कणीक सुकल्यावर मी कॅलिपरने मोजमापं घेतली. अंगठ्याच्या खाली हाताला जो मांसल उंचवटा असतो, तिथे कणीक फुगून आली होती. म्हणजे तुझ्या हाताचा तो भाग खोलगट होता. मी ते मोजलं, ड्रॉइंगमध्ये घातलं, आणि अक्रोडाच्या लाकडात तेवढा भाग जादा ठेवला. तुझ्या हातात जे कमी झालं होतं ते मी लाकडाने भरून काढलं, आणि ते अचूक जमलं म्हणून खूश झालो.

तूही खूश झालीस. मूठ बसवल्यावर तुझे ते काही आठवडे, तशी नेमबाजी आपल्या क्लबात कोणी केली नसेल. हाइके दोनदा "गेनाऊ" म्हणाली. मी बाजूच्या लेनमध्ये पिस्तूल खाली ठेवून नुसता तुझी पाठ बघत उभा राहायचो. त्या आठवड्यांबद्दल मी कोणाचे आभार मानू ते मला कळत नाही, म्हणून तुझेच मानतो.

दसऱ्याला तू शस्त्रपूजा करायची म्हणालीस. पिस्तूल पाटावर मांडायला मी ठाम नकार दिला, अक्षता स्लाइडमध्ये गेल्या तर मी जबाबदार नाही म्हटलं. मग तू तळघरात जाऊन पिस्तुलाच्या तिजोरीच्या दारालाच हळद-कुंकू लावलंस, झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिलीस. नंतर एकदा शस्त्रतपासणीला आलेल्या माणसाने त्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवून हे काय आहे असं विचारलं. तू गंभीर चेहऱ्याने सांगितलंस, "अतिरिक्त सुरक्षा." त्याने मान डोलावली. तो ठिपका अजून तिथेच आहे, थोडा काळपट झालाय.

त्याच दिवाळीत सोऱ्या अडकला. तू चकल्या करायला बसलीस आणि स्वयंपाकघरातून ओरडलीस, "मिलिंद, याला तेल घाल. फिरतच नाहीये." माझ्या आईने दिलेला पितळी सोऱ्या, दर वर्षी वापरातला. मी रुबाबात तेलाची कुपी घेऊन आलो, हात पुसले आणि बघावं म्हणून आधी नुसता फिरवला. तो लोण्यासारखा फिरला. चकलीचा एक वेढा कागदावर पडला, मग दुसरा. मी थांबलो. तू तुझ्या उजव्या हाताकडे बघत होतीस. यंत्र ठीक आहे हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं. कढईतलं तेल तापत राहिलं आणि मी गॅस बंद केला.

मग डॉक्टर, सुया, तारा, थंड खोल्या. निदान सांगणारा डॉक्टर तरुण होता. त्याने तुझा हात हातात घेतला, अंगठ्याखालच्या खोलगट भागावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि हे कधीपासून आहे असं विचारलं. मला ते माप दशांशापर्यंत पाठ होतं. स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. डोकं शाबूत राहतं. हे शेवटचं वाक्य त्याने दिलासा म्हणून सांगितलं असावं.

त्या हिवाळ्यात तू पहिल्यांदा म्हणालीस, "पिस्तूल विकून टाक."

मी नाही म्हटलं.

"मी आता चालवणार नाहीये, मिलिंद."

"मी चालवेन."

"तुला कधी आवडलं? तू फक्त माझ्यामागे यायचास."

"असू दे. घरात कोणाला खातंय का ते?"

किती वेळा हेच बोललो असू आपण. माझं खरं कारण तुला माहीत होतं, मला तोंडाने म्हणता येत नव्हतं एवढंच. ते विकायचं म्हणजे तुझा हात परत येणार नाही हे मान्य करायचं. जो माणूस घरात हत्यार नको म्हणत होता तोच आता ते जाऊ देत नव्हता, आणि तू मला त्यावरून टोमणाही मारला नाहीस. मारायला हवा होतास. तू टोमणे बंद केलेस तेव्हा मला जास्त भीती वाटली.

एका सकाळी चमचा तुझ्या हाताला पट्टीने बांधून मी तुला उपमा खायला दिला होता. डावा हात अजून थोडा चालत होता. तू घास गिळलास आणि अगदी सहज म्हणालीस, "तिजोरीचा कोड बदल. मला सांगू नकोस."

"का?"

"बदल म्हटलं ना."

मी खाली जाऊन कोड बदलला. तुझ्या मनात काय येऊन गेलं ते मला समजलं होतं, आणि ते परतवायला तू मला कामाला लावलंस हेही समजलं. वर आलो तर तू म्हणालीस, "गार झाला उपमा." त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी विचारायला हवं होतं का, तू कुठवर जाऊन आलीस, आणि परत कशी आलीस? मला वाटायचं, विचारलं तर तू पुन्हा त्या वाटेवर जाशील. आता कोणाला विचारू?

डावा हात राहिला होता तोवर काही हवं असलं की तू तो वर करायचीस, क्लबातल्यासारखा. मी असेन तिथून धावत यायचो. एक दिवस तो वर गेला नाही. तू नुसती त्याच्याकडे बघत राहिलीस, मग माझ्याकडे. मग तुझे शब्द गेले, तेही एकदम नाही, आधी जोडाक्षरं. सई हॅम्बर्गहून यायची, तुझ्या उशाशी बसून जर्मनमध्ये भराभर बोलायची, आणि तू पापण्यांनी हो-नाही करायचीस. शेवटी छातीत कफ झाला आणि श्वासाला तो बाहेर टाकता आला नाही. ते मी लिहीत नाही. तू तिथे होतीस.

तू गेल्यावर सई आठवडाभर होती. तिची परीक्षा होती, मीच तिला जा म्हटलं. मी ठीक आहे, कामं खूप आहेत, असं सांगितलं. ती गेली त्या दुपारी मी कपड्यांचं मशीन लावायला तळघरात उतरलो. मशीन लावलं. मग तिजोरीसमोर उभा राहिलो. त्या कुंकवाच्या ठिपक्याकडे बघत किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही, पण मशीन थांबल्याची पिपाणी वाजली तेव्हा मी भानावर आलो आणि माझं बोट कोडच्या बटणांवर होतं. मला काय हवं होतं? खरं सांगतो, मूठ बघायची होती, असं मी स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नव्हतं. मी कपडे वाळत घातले आणि वर आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळघरात गेलो. त्या दिवशी धुवायला कपडेही नव्हते.

आणि तिसऱ्या दिवशी हाइके आली.

मी तिला म्हटलं, पिस्तूल माझंही आहे, परवान्यावर माझं नाव आहे, मला घाई नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ती म्हणाली होती तू असंच म्हणशील. वसंतात तिने मला बोलावलं होतं, तू औषधं आणायला गेला होतास. तिला बोलायला फार त्रास होत होता, पण हे तिने दोनदा सांगितलं. 'मी गेले की तू लगेच ये. तो दारात नाही म्हणेल. तू बूट काढून आत जा. आमच्याकडे बूट काढून आत आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत. तो चहा ठेवेल, आणि चहा होईपर्यंत ऐकेल.'"

मी तेव्हा गॅसपाशी उभा होतो. आधण उकळत होतं. आलं किसून टाकलेलं होतं, आणि ते मी कधी किसलं हे मला आठवत नव्हतं.

राग कशाचा आला सांगू? तू मला न विचारता ठरवलंस. गोळ्यांच्या वेळा, नळ्यांची मापं, तुला कुशीवर वळवायची पद्धत, सगळं माझ्यावर सोपवलंस, आणि या एका गोष्टीत माझा भरवसा धरला नाहीस. मला हाइकेसमोर लाज वाटली. मी म्हटलं, "तिला वाटलं मी एवढा कच्चा आहे?"

हाइके म्हणाली, "हे मी पण विचारलं तिला."

"मग?"

"म्हणाली, 'तो कच्चा नाही. मी पण नव्हते.'"

मी दोन्ही हात ओट्यावर टेकून उभा राहिलो. तू कुठवर जाऊन आलीस हे मी तुला कधी विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर हाइकेकडे ठेवून गेली होतीस. ती जागा तुला माहीत होती. तिथे मी एकटा पोचेन हेही तुला माहीत होतं, म्हणून तिथे माणूस बसवून गेलीस. मी मागे वळून हाइकेला सांगितलं की गेले दोन दिवस मी खाली जातोय. एवढं वाक्य जर्मनमध्ये बोलायला सोपं गेलं. मराठीत मला ते कोणाला सांगता आलं नसतं, तुलासुद्धा.

ती दचकली नाही, उपदेशही केला नाही. कपातला चहा संपवला आणि म्हणाली, "आल्झो. आपण आता दोघं खाली जाऊ. मग तू मुलीला फोन कर, मी इथेच बसते. उद्या डॉक्टरकडे मी सोबत येईन."

तिजोरी मी उघडली. पिस्तूल तिने हातात घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली, मला दाखवली, नियमाप्रमाणे. काडतुसं वेगळी घेतली. त्याला योग्य माणूस मिळेपर्यंत ते कायद्याने तिच्याकडे राहू शकतं. पेटी बंद करण्याआधी तिने खिशातून छोटी किल्ली काढली आणि मुठीचा स्क्रू सोडला. अक्रोडाचे दोन्ही भाग माझ्या हातावर ठेवले. "हे हत्यार नाही," ती म्हणाली, "हे तिचं आहे."

सईला फोन केला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, पण सांगितलं सगळं. मग ती जर्मनमध्येच म्हणाली, फोन ठेवू नकोस, मी स्टेशनवर निघाले आहे, गाडीत बसेपर्यंत बोलत राहा. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगितलं. ती काल रात्रीपासून इथे आहे आणि आत्ता ओट्याशी उभी राहून सोऱ्याला तेल घालते आहे. मी तिला सांगितलं, त्याची गरज नाही, पण तिने ऐकलं नाही. ती तुझ्यावर गेली आहे.

आज सकाळी हाइके डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर माझ्याशी बरंच बोलल्या, पुन्हा बोलावलं आहे. गुरुवारी मला क्लबात जायचं आहे, पिस्तुलासाठी नाही, कॉफीसाठी. हाइके म्हणते की तिथे माझ्यासारखे दोघं-तिघं दर गुरुवारी नुसते बसायलाच येतात.

मूठ माझ्यासमोर टेबलावर आहे. मी ती जुळवून हातात धरून बघितली. बोटं आखूड पडतात, आणि अंगठ्याखाली मी जे लाकूड जास्त ठेवलं होतं ते तळहाताला टोचतं, कारण माझ्या हातात तिथे मांस आहे. तुझ्या हातात नव्हतं. ती मला कधी बसणार नाही, तरी मी ती रोज एकदा धरून बघेन म्हणतो.

एवढंच सांगायचं होतं, वृंदा. विकून टाक म्हणत होतीस आणि मी ऐकत नव्हतो, ते आपलं भांडण तू जिंकलीस. खाली तिजोरी रिकामी आहे, आणि मी आहे.